आद्याक्षर एक, भावंडे दोन

ख्रिस्ती लग्न लागून नवरानवरी चर्चमधून बाहेर पडू लागली की ऑर्गनवर एक दणदणीत सुरावट वाजते. ती आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेली असते. प्रत्यक्ष लग्नात नसेल, तर सिनेमात तरी खासच. ही सुरावट फेलिक्स मेंडेल्सोन ह्या जर्मन संगीतकाराची. शेक्सपिअरच्या 'ए मिडसमर नाइट्स ड्रीम' ह्या नाटकासाठी त्याने १८४२ साली जे संगीत रचले, त्यातला हा एक तुकडा. १८५८ साली व्हिक्टोरिया राणीच्या थोरल्या मुलीच्या लग्नात तो वाजला आणि मग गावोगावच्या लग्नांनी तो उचलला.

सगळ्या जगाच्या लग्नांना संगीत पुरवणाऱ्या ह्या माणसाला सख्ख्या बहिणीच्या लग्नाला मात्र ते पुरवता आले नाही. फेलिक्सची थोरली बहीण फॅनी. ३ ऑक्टोबर १८२९ रोजी बर्लिनमध्ये विल्हेल्म हेन्सेल ह्या चित्रकाराशी तिचे लग्न झाले. ऑर्गनवर वाजवण्यासाठी भावाने काहीतरी रचून पाठवावे अशी तिची फार इच्छा होती. पण भाऊ त्या वेळी लंडनमध्ये, घोडागाडीच्या अपघातात पाय दुखावून अंथरुणाला खिळलेला. रचना काही आली नाही. तेव्हा नवरीनेच लेखणी हातात घेतली. चर्चमध्ये प्रवेश करतानाचे संगीत तिने आधी लिहून ठेवले होते. परततानाचे तिने लग्नाच्या आदल्या रात्री बसून पुरे केले. आपल्या भाषेत सांगायचे तर, अंगाची हळदही उतरली नव्हती तेव्हा!

भाऊबीज तोंडावर आलेली असताना ह्या बहीणभावांविषयी लिहावेसे वाटले, त्याला आणखीही एक कारण आहे. गेल्या चारएक दशकांत युरोप-अमेरिकेतल्या संशोधकांनी ह्या दोघांवर जे काम केले आहे, ते केवळ संगीताच्या अभ्यासकांनी वाचून बाजूला ठेवावे असे नाही. एखादी कलाकृती आपण ऐकतो, तेव्हा आपला कान काय ऐकतो आणि तिच्यावरचे नाव आपल्याला काय ऐकायला लावते, हा प्रश्न ह्या संशोधनातून फार धारदारपणे पुढे येतो. तो आपणा सर्व रसिकांचा प्रश्न आहे.

आधी थोडी कुळकथा. मेंडेल्सोनांचे घराणे बर्लिनमधले मोठे मातबर. आजोबा मोझेस हे नामांकित ज्यू तत्त्वज्ञ, वडील आब्राहाम पेढीवाले. फॅनीचा जन्म १८०५ चा, फेलिक्सचा १८०९ चा. दोघेही हॅम्बर्गमध्ये जन्मली आणि बर्लिनमध्ये वाढली. दोघांचे गुरू एकच, कार्ल फ्रीड्रिख त्सेल्टर. दोघांना एकाच कसोशीने बाखचे संगीत शिकवले गेले. तेरा वर्षांच्या फॅनीने वडिलांसाठी बाखचे चोवीस प्रेल्यूड मुखोद्गत करून वाजवले होते. थोडक्यात, शिक्षणात डावेउजवे झाले नाही. डावेउजवे झाले ते शिक्षणाच्या पुढच्या पायरीवर. १८२० साली वडिलांनी फॅनीला एक पत्र लिहिले. तिचे वय तेव्हा चौदा वर्षांचे. संगीत हा फेलिक्सचा कदाचित व्यवसाय होईल, तुझ्या आयुष्यात मात्र ते अलंकार म्हणूनच राहू शकेल आणि तसेच ते राहिले पाहिजे, असा त्या पत्राचा आशय. पत्रात राग नाही, धाक नाही. प्रेमळ बापाने प्रेमाने लिहिलेले पत्र आहे, आणि म्हणूनच ते फिरवणे त्या मुलीला आयुष्यभर जड गेले.

तरीही ती लिहीत राहिली. ४५० च्या वर रचना तिच्या नावावर आज मोजल्या जातात: गीते, पियानोसाठी लिहिलेल्या रचना, कॅन्टाटा, एक चौतंतुवाद्य-रचना, एक वाद्यवृंदासाठी ओव्हर्चर. ह्यांतल्या बहुतेक तिच्या हयातीत छापल्या गेल्या नाहीत. लाइपत्सिगर स्ट्रासेवरच्या घरी तिच्या रविवारच्या मैफली भरत. तिथे लिस्ट येई, क्लारा शूमान येई; बागेकडच्या दालनात बर्लिनमधले रसिक दाटीवाटीने बसत. गायकवृंद ती जमवी, तालमी ती घेई, संचालन ती करी. पण हे सारे घराच्या उंबऱ्याच्या आत. त्याच जागेवर आज जर्मन संसदेचे वरिष्ठ सभागृह, बुंडेसराट, उभे आहे.

तिच्या काही रचना छापल्या गेल्या, पण त्या भावाच्या नावाने. फेलिक्सचे आठव्या आणि नवव्या क्रमांकाचे गीतसंग्रह १८२७ ते १८३० ह्या काळात निघाले. त्या दोन्हींत फॅनीची तीन तीन गीते आहेत, आणि त्यांवर तिचे नाव नाही. ह्यावरून पुढे मोठी गंमत झाली. १८४२ साली फेलिक्स बकिंगहॅम राजवाड्यात गेला असताना व्हिक्टोरिया राणीने त्याच्या संग्रहातले आपले आवडते गीत गाऊन दाखवले. ते नेमके 'इटालियन' हे फॅनीचे गीत निघाले. ते आपल्या बहिणीचे आहे अशी कबुली फेलिक्सला द्यावी लागली, आणि हा किस्सा त्याने स्वतःच पत्राने आईला कळवला. ती सहाही गीते कोणाची हे घरात सगळ्यांना माहीत होते. बाहेर कोणाला माहीत असण्याची गरज आहे, असे त्या घराला वाटले नाही, एवढेच.

फॅनी १४ मे १८४७ रोजी गेली. रविवारच्या मैफलीसाठी फेलिक्सच्याच एका कॅन्टाटाची तालीम घेत असताना तिला पक्षाघाताचा झटका आला. सहा महिन्यांच्या आत, ४ नोव्हेंबरला, फेलिक्सही गेला. पुढे १८७९ साली फॅनीचा मुलगा सेबास्टियन ह्याने घराण्याचा इतिहास प्रसिद्ध केला. तो फार वाचला गेला, आणि त्यातूनच सुखी, सात्त्विक, घरकामात रमलेल्या फॅनीचे चित्र लोकांच्या मनात पक्के झाले. पुढे नाझी राजवटीत ज्यू घराण्यातला म्हणून फेलिक्सच्याच संगीतावर बंदी आली. लाइपत्सिगमधला त्याचा पुतळा १९३६ साली हलवला गेला. जिथे भावाचे नाव पुसले जात होते तिथे बहिणीच्या वह्यांकडे कोण पाहणार? घराण्याची कागदपत्रे बर्लिनच्या राज्यग्रंथालयात आली, आणि १९८० नंतर खरे संशोधन वेग घेऊ लागले. मार्सिया सिट्रन ह्यांनी १९८७ साली फॅनीने भावाला लिहिलेली पत्रे संपादून प्रसिद्ध केली. २००० साली रेनाटे हेलविग-उन्रू ह्यांनी तिच्या सर्व रचनांची सूची सिद्ध केली. २००२ साली तिची रोजनिशी छापून आली. आणि २०१० साली लॅरी टॉड ह्यांनी तिचे सविस्तर चरित्र लिहिले. हेच टॉड त्याआधी फेलिक्सचे चरित्रकार म्हणून मान्यता पावलेले होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

सूची, पत्रे, रोजनिशी ही संशोधनातली रूक्ष कामे. दिवाळीच्या फराळाच्या ताटात मिठाचे जे स्थान, ते ह्या कामांचे. कोणी वाखाणत नाही, पण त्यांच्यावाचून सगळेच बेचव. ह्या रूक्ष कामातून काय निघू शकते, ह्याचा नमुना म्हणजे 'ईस्टर सोनाटा'ची हकिगत. एखाद्या रहस्यकथेला शोभावी अशी ती आहे.

फॅनीच्या रोजनिशीत १८२९ च्या एप्रिल महिन्यात एक नोंद आहे. भाऊ नुकताच इंग्लंडला निघून गेलेला. आपण आपला ईस्टर सोनाटा वाजवला, असे ती लिहिते. पण तिच्या कागदांत असा सोनाटा सापडत नव्हता. हरवला असे सर्वांनी धरून चालले. इकडे १९७० च्या सुमारास पॅरिसमध्ये एका संग्राहकाच्या हाती एक हस्तलिखित आले: ईस्टर सोनाटा, १८२८ सालचा, कर्त्याचे नाव 'एफ. मेंडेल्सोन'. आता ह्या 'एफ'चे काय करायचे? आपल्या देवनागरीतही दोघांचे आद्याक्षर 'फ'च. ज्यांनी ते हस्तलिखित पाहिले त्यांना फेलिक्सखेरीज दुसरा 'फ' आठवला नाही. १९७२ साली फेलिक्सच्या नावाने ह्या सोनाटाची ध्वनिमुद्रिकाही निघाली.

तो फॅनीचा असावा अशी शंका काही अभ्यासकांना येत होती, पण मूळ कागद पाहिल्याशिवाय बोलणार काय? अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात डॉक्टरेटचा अभ्यास करणाऱ्या एंजेला मेस ह्यांनी त्याचा पाठपुरावा केला, आणि २०१० साली पॅरिसला जाऊन ते हस्तलिखित प्रत्यक्ष पाहिले. अक्षर फॅनीचे होते. पण नुसत्या अक्षरावर त्या थांबल्या नाहीत. बर्लिनमध्ये फॅनीची जी एक बांधलेली वही आहे, तिच्यातली काही पाने गायब आहेत. पॅरिसच्या हस्तलिखितावरचे पृष्ठांक त्या गायब पानांशी जुळले. वही बर्लिनला, फाटलेली पाने पॅरिसला, आणि साक्षीला रोजनिशीतली एक ओळ! २०१२ साली ड्यूक विद्यापीठात हा सोनाटा प्रथमच फॅनीच्या नावाने वाजवला गेला. ८ मार्च २०१७ रोजी, जागतिक महिला दिनी, लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये सोफिया गुल्याक ह्यांनी तो वाजवला आणि बी.बी.सी.ने तो प्रक्षेपित केला.

इथे थोडे थांबायला हवे. सोनाटातला एकही स्वर बदललेला नव्हता. १९७२ साली जो होता तोच २०१२ साली होता. मग बदलले काय? बदलली ती ऐकणाऱ्याची बैठक. फेलिक्सचा म्हणून तो एका प्रतिभावंताच्या तारुण्यातला, अठरा-एकोणीस वर्षांच्या वयातला एक प्रयत्न होता. त्याच्या इतर मोठ्या कृतींच्या मानाने फारसे लक्ष देण्याजोगा नाही, असाही. फॅनीचा ठरल्यावर तोच सोनाटा एकाएकी वृत्तपत्रांचा विषय झाला. ह्यात आनंद आहे, पण मला त्यात थोडी धोक्याची सूचनाही दिसते. पूर्वी पुरुषाचे नाव होते म्हणून आपण नीट ऐकले नाही. आता स्त्रीचे नाव आहे म्हणून आपण टाळ्या वाजवतो. दोन्ही वेळा सोनाटा आपला जिथल्या तिथेच.

म्हणून आधी सोनाटाकडेच वळावे. तो ए मेजर स्वरपट्टीत, चार भागांचा आहे. दुसऱ्या भागात फ्यूग आहे; एकच स्वरवाक्य एकामागून एक आवाज उचलतात आणि परस्परांत गुंततात अशी ही बाखच्या वळणाची बांधणी. शेवटचा भाग मोठ्या गडगडाटाने सुरू होतो. ख्रिस्ताने प्राण सोडला तेव्हा धरणी हादरली, ही बायबलातली कथा मनात ठेवून तो ऐकावा. ईस्टरचा सोनाटा म्हणजे शेवट पुनरुत्थानाच्या जल्लोषात होणार, अशी आपली अपेक्षा असते. फॅनी तसे करीत नाही. गडगडाट ओसरतो आणि मागे उरते एक जुने प्रार्थनागीत, देवाच्या कोकराला दयेची विनवणी करणारे 'क्रिस्टे, डू लाम गोटेस'. ह्याच प्रार्थनागीतावर फेलिक्सने १८२७ साली एक कॅन्टाटा लिहिला होता. म्हणजे दोघांपुढे सामग्री एकच होती. फेलिक्सने ती उपासनेसाठी बांधली. फॅनीने ती वादळानंतरच्या शांततेसाठी राखून ठेवली. तेविसाव्या वर्षाच्या आत असलेल्या मुलीला शेवट मोठ्याने करण्याचा मोह झाला नाही, ही मला तिच्या वकुबाची खरी खूण वाटते.

आता ज्या प्रश्नावर सर्वांत जास्त शाई खर्ची पडली आहे त्याकडे येऊ. फेलिक्सने बहिणीला दडपले काय? लोकप्रिय लेखनातून उत्तर ठरून गेले आहे: भाऊ दुष्ट, बहीण बळी. ह्याला पुरावा आहे हे खरे. १८३७ साली आईने फेलिक्सला लिहिले, की फॅनीला रचना छापायला उत्तेजन दे. त्याने नकार दिला. तिने स्वतः ठरवले तर मी हवी ती मदत करीन, पण तिला त्यासाठी भरीस घालणे मला योग्य वाटत नाही. ती घरसंसारात आहे आणि ग्रंथकर्त्रीच्या वाटेला जाण्याची तिची वृत्ती नाही, अशा अर्थाचे ते उत्तर. आज वाचताना ते बोचते.

पण मॅरियन विल्सन किम्बर ह्यांनी २००२ साली लिहिलेल्या एका निबंधात ह्या सगळ्या कथेची झडती घेतली आहे, आणि तो निबंध मला फार मोलाचा वाटतो. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: भावाला खलनायक आणि बहिणीला दुर्दैवी नायिका करणारी गोष्ट ही चरित्राच्या जुन्या, अद्भुतरम्य साच्यातलीच आहे. तिने फॅनीला न्याय मिळत नाही. उलट तिचे निर्णय तिचे राहत नाहीत. नॅन्सी राइख ह्यांनी त्याआधीच वर्गाचा मुद्दा मांडला होता. क्लारा शूमान ही व्यावसायिक संगीतशिक्षकाची मुलगी. तिने मैफली करून पैसे मिळवले तर कोणाच्या भुवया उंचावल्या नाहीत. पेढीवाल्याच्या मुलीने पैसे घेऊन वाजवणे मात्र त्या समाजाला खपण्यासारखे नव्हते. फॅनी सार्वजनिक मैफलीत पियानोवर बसल्याची एकच ठळक नोंद आहे, १८३८ सालची. ती मैफल धर्मादाय कार्यासाठी होती आणि तिने वाजवला तो भावाचाच कॉन्चेर्टो.

ह्या मताशी मी बहुतांशी सहमत आहे. फक्त त्याला एक पुरवणी जोडावीशी वाटते. वर्ग, काळ, रूढी ही सारी खरी कारणे आहेत, पण रूढी काही आकाशातून बोलत नाही. ती घरातल्या माणसाच्या तोंडून, तेही लाडक्या माणसाच्या तोंडून बोलते. १८४६ च्या जुलैत फॅनीने फेलिक्सला जे पत्र लिहिले ते वाचावे. आता मी रचना छापणार आहे, हे तिला त्याला कळवायचे आहे. आणि चाळिशीची, एका मुलाची आई असलेली ही बाई लिहिते, की चौदाव्या वर्षी वडिलांचे भय वाटे तसे आज मला भावांचे वाटते. पुढे ती स्वतःच ते हसण्यावारी नेते. ह्या पत्रात दडपशाहीची तक्रार कुठे नाही. आहे ती माया आणि भीती एकत्र गुंफलेली, सोडवू म्हटले तर दोन्ही तुटतील अशी. महिनाभराने फेलिक्सचे उत्तर आले. त्याने आपल्या व्यवसायबंधूंच्या वतीने तिला आशीर्वाद दिला. त्याच्या मनाला ते पुरते पटलेले नाही, हे तिने ओळखले आणि रोजनिशीत तसे लिहिले. पण त्याने गोड शब्द पाठवला ह्याचा तिला आनंद झाला, हेही लिहिले. ज्या विवाहाला आपण रूढ चौकट म्हणतो त्या विवाहातला नवरा मात्र सतत तिच्या बाजूने उभा होता, हेही ह्याच ठिकाणी नोंदवले पाहिजे.

भावाच्या मताचे वजन किती पडे ते एका रचनेवरून कळते. १८३४ साली तिने दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो ह्यांच्यासाठी ई फ्लॅट मेजरमध्ये एक चतुष्क लिहिले. ते रीतीप्रमाणे जोमदार सुरुवात करीत नाही. संथपणे, मूळ स्वरपट्टी कोणती हे लपवीत, चाचपडत पुढे येते. फेलिक्सने नेमका हाच दोष काढला, की पहिल्या भागात स्वरपट्टी निश्चित नाही. फॅनीने उत्तर लिहिले त्यात बीथोवनच्या अखेरच्या काळातल्या भावाकुल शैलीत आपण अडकून पडलो, आणि मोठी रचना तोलून धरण्याची ताकद आपल्याजवळ नाही, असे ती स्वतःविषयी म्हणते. पुन्हा तिने चतुष्क लिहिले नाही. जे होते ते १९८८ साली छापले गेले.

फेलिक्सची टीका द्वेषाची नव्हती. तो स्वतःलाही असाच कठोरपणे तपाशीत असे. रेखीवपणा हा त्याचा धर्म होता, आणि आपल्या धर्माच्या मोजपट्टीने त्याने बहिणीला मोजले. चूक त्याची तिथे झाली. आज ते चतुष्क ऐकताना वाटते, की ज्याला तो दोष म्हणत होता तेच त्याचे मर्म आहे. फेलिक्सचे संगीत बहुधा घराचे दार उघडून आपल्याला सरळ दिवाणखान्यात नेते. फॅनीचे हे चतुष्क अंगणात थोडे रेंगाळते, आत जावे की न जावे असा विचार करते. ज्याला त्या रेंगाळण्याची गोडी कळेल त्याला फॅनी स्वतंत्र रचनाकार का आहे, हे वेगळे सांगावे लागणार नाही.

आणि एवढे असूनही फेलिक्सला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून मोकळे व्हावे असे मला वाटत नाही. फॅनी गेल्यावर त्या उन्हाळ्यात त्याने एफ मायनरमधले आपले शेवटचे चतुष्क लिहिले. रेखीवपणाचा हा उपासक तिथे कडा घासूनपुसून घेण्याच्या मनःस्थितीत नाही. सुरुवातीपासून तारा थरथरत राहतात, वाक्ये मध्येच तोडली जातात. बहिणीच्या ज्या मोकळेपणाला त्याने हरकत घेतली होती, त्याच्या जवळपास तो तिच्या मृत्यूनंतर येऊन पोचला. हे कोणत्याही कागदाने सिद्ध होणारे नाही. माझे कान मला असे सांगतात, एवढेच मी म्हणू शकतो. तिच्या अप्रकाशित रचना छापून आणण्याची खटपटही त्याने सुरू केली. त्या १८५० साली बाहेर पडल्या, पण तोवर तोही नव्हता. बर्लिनच्या एकाच दफनभूमीत दोघे शेजारी शेजारी आहेत.

संशोधकांनी आपले काम चोख केले आहे. वहीची पाने जुळवली, अक्षर ओळखले, तारखा लावल्या, नाव परत केले. ह्यापुढचे काम त्यांचे नाही, ते ऐकणाऱ्यांचे आहे. फॅनीला 'फेलिक्सची बहीण' म्हणून ऐकणे जितके अपुरे, तितकेच 'अन्याय झालेली स्त्री' म्हणून ऐकणेही अपुरे. सुरुवात करायची असेल तर १८४१ सालच्या 'दास यार', म्हणजे 'वर्ष', ह्या पियानोच्या मालिकेपासून करावी. बारा महिन्यांचे बारा तुकडे आणि शेवटी एक उपसंहार. त्याची सुवाच्य प्रत तिने रंगीत कागदांवर लिहिली आणि नवऱ्याने प्रत्येक महिन्यावर चित्र काढले. छापून यायला मात्र त्या वर्षाला १९८९ साल उजाडावे लागले. फेब्रुवारीत कार्निव्हलची धांदल आहे, मार्चमध्ये ईस्टरचे प्रार्थनागीत आहे, डिसेंबरात नाताळचे. त्यांतला सप्टेंबर आधी ऐकावा. तो नदीचा महिना आहे. वरच्या आणि खालच्या स्वरांत पाणी सारखे वाहत असते, आणि त्या दोहोंच्या मधून, जणू पाण्याखालून, एक गाणे चाललेले असते. पहिल्यांदा ऐकताना ते चटकन सापडत नाही. दुसऱ्यांदा सापडते, आणि एकदा सापडले की मग पाणी ऐकू येईनासे होते, गाणेच तेवढे ऐकू येते.